आजोबांचं विलायती मशीन: तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात विहिरीवरच्या पंपांबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, की रत्नागिरीतल्या आमच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात कपडे धुवायचं एक जुनं विलायती मशीन अजून चालतं. त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. ज्या ज्या गावांतून माणसं बोटीवर गेली, त्या त्या गावांतून पत्रं आली आहेत. तेव्हा पंप आणि मिक्सर या खेपेला थांबतील. हे सदर सगळंच्या सगळं या मशीनांचं.

प्रश्न: माझे आजोबा खलाशी होते. त्यांनी विलायतेहून आणलेलं एक मशीन आमच्या माडीवर झाकून ठेवलंय. चौकोनी, कमरेच्या उंचीचं. झाकण काढलं की दोन रबरी रूळ आणि फिरवायचा दांडा. पट्टीवर ‘हूवर लिमिटेड, पेरिवेल’ आणि ‘०३०७’ एवढं वाचता येतं. ताई, हे नेमकं काय आहे? आणि विकलं तर काय येईल? (एक वाचक, हर्णै)

हे हूवरचं अगदी पहिलं धुलाई मशीन. नमुना ०३०७, बाजारात आलं १९४८ साली. तोवर ही कंपनी ओळखली जायची ती व्हॅक्यूम क्लीनरसाठी.

पट्टीवरच्या पेरिवेलमुळे पुष्कळांची गफलत होते. पेरिवेल लंडनच्या पश्चिम बाजूला. तिथं कंपनीचं मुख्य कार्यालय आणि व्हॅक्यूम क्लीनरचा कारखाना होता. १९३३ साली उघडलेली ती पांढरी, रंगीत कडांची इमारत आजही उभी आहे आणि १९९२ पासून त्या आवारात सुपरमार्केट चालतं. पट्टीवर पत्ता तिथला असला, तरी मशीन बनलं वेल्समधल्या मर्थर टिडफिलला. ते गाव लोखंडावर आणि कोळशावर वाढलं, आणि ते धंदे बसल्यावर बेकारीनं पार खंगलं. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारनं अशा भागांकडे कारखाने वळवले, त्यातला हा एक. १९४८ च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. तिथली धुलाई मशीनं थेट २००९ च्या मार्चपर्यंत बाहेर पडत होती. तुमच्या माडीवरचं मशीन त्या कारखान्याच्या पहिल्या मालापैकी आहे, हे मनाशी धरून त्याच्याकडे एकदा बघा.

खात्री करायची असेल तर टबात हात घाला. तळ मोकळा लागेल. बाजूच्या भिंतीत मात्र ताटलीएवढी, कंगोऱ्यांची चकती लागेल. हीच या मशीनची सगळी करामत. मोटर चालली की चकती गरगरते, पाणी आडवं उसळतं आणि कपडे वरखाली लोळायला लागतात. त्याआधीच्या बऱ्याच मशीनांत मधे खांब असायचा, तो डावीकडे-उजवीकडे झटके द्यायचा. त्याला गिअर लागत, जागा लागे, पैसे लागत. इथं एक मोटर, एक पट्टा, एक चकती. एक घाणा चार मिनिटांत निघेल असं कंपनी सांगायची, आणि मी चालवून सांगते, निघतो. रूळ काम झाल्यावर घडी होऊन टबात उतरतात, वर झाकण बसतं, आणि लहानशा स्वयंपाकघरात त्यावर पोळपाटसुद्धा मांडता येतो.

पैशांचं म्हणाल, तर भंगारवाला किलोवर घेईल. खुद्द ब्रिटनमध्येही हा नमुना फार दुर्मीळ मानत नाहीत, कारण तो अमाप खपला. तुम्ही विकू नये असं मला मनापासून वाटतं. आधी खालचा पत्रा बघा. माडीवर होतं म्हणजे ओलीपासून वाचलं असणार. पत्रा शाबूत असेल आणि चकती हातानं फिरत असेल, तर हे मशीन पुन्हा कपडे धुईल.

प्रश्न: आमच्याकडेही तसंच मशीन आहे. त्याची पिन तीन गोल काड्यांची आहे आणि आपल्या पंधरा ॲम्पच्या सॉकेटात अगदी बरोबर बसते. भाऊ म्हणतो, बसते म्हणजे चालतं, लावूया. आई म्हणते, “ह्यां डबडां आधी भंगारात घाल.” कोणाचं ऐकू? (मालवण)

आईंना सांगा, भंगारात नको. भावाला सांगा, सॉकेटातही नको.

पिन बसते त्याचं कारण असं, की दोन्हींचं मूळ एकच आहे. तीन गोल काड्यांचा नमुना ब्रिटनचा. त्यांनी १९४७ साली चपट्या काड्यांच्या, आत फ्यूज असलेल्या तेरा ॲम्पच्या पिनेचं मानक आणलं आणि पुढं हळूहळू सगळी घरं तिकडं वळली. आपण गोल काड्यांवरच राहिलो. वीजही जुळते, त्यांची ५० सायकलची, आपलीही ५० ची, आणि व्होल्टेजही जवळपास तेच. म्हणून विलायती मशीन कोकणात ट्रान्सफॉर्मरशिवाय चालतं. अमेरिकेहून आणलेलं असतं तर ११० व्होल्ट आणि ६० सायकल, तिथं आपली दमछाक झाली असती.

पण मशीन सत्तरी ओलांडलेलं आहे. त्याच्या तारांवर रबर आहे आणि रबरावर सुती वेष्टण. वेष्टण वरून धडधाकट दिसतं, आतलं रबर बिस्किटासारखं झालेलं असतं. तार जरा वाकवली की भुगा पडतो आणि तांबं उघडं. त्यात हे पाण्याचं यंत्र, बाहेरून लोखंडी, आणि चालवणारी व्यक्ती ओल्या पायांनी ओल्या फरशीवर. म्हणून क्रम असा ठेवा. पिनेपासून मोटरपर्यंतची सगळी वायर नवी टाका, तीन तारांची. जुन्या ब्रिटिश वायरीत लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, आपल्याकडच्यासारखंच. मात्र मधे कोणीतरी हात घातलेला असू शकतो, तेव्हा रंगावर विसंबू नका, मीटरनं तपासा. मग मोटर काढून वाइंडिंगवाल्याकडे न्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे वीज कुठं गळते का ते मोजणाऱ्या मीटरनं, बॉडी तपासायला सांगा. एक मेगाओहमच्या खाली दाखवलं तर मोटर ओल प्यायलेली आहे. लगेच रिवाइंड करू देऊ नका. आम्ही अशी मोटर उघडून पेटीत ठेवतो, सोबत शंभर वॅटचा तापणारा पिवळा दिवा पेटता ठेवतो आणि दोन-तीन दिवस तशीच सुकवतो. पुष्कळदा तेवढ्यानं मेगर वर चढतो. मग वार्निश पाजायचं. मूळ वाइंडिंग वाचलं तर वाचवावं, त्या काळचं तांबं फार चांगलं होतं.

आणि अर्थिंग. मालवणला तुमचं घर चिऱ्याच्या कातळावर असेल तर याकडे जास्तच लक्ष द्या. कातळात अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात ठीक चालतो, एप्रिल-मेमध्ये सुका ठणठणीत होतो आणि त्याचा काही उपयोग उरत नाही. खड्ड्यात कोळसा आणि खडेमीठ आहे का बघा, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा, आणि जमलं तर खड्डा विहिरीच्या बाजूला मातीत घ्या. मेनवर ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. त्याशिवाय मशीनमध्ये पाणी भरू नका. इथं मी कोणाचीही गय करत नाही. जुन्याचं प्रेम माणसाच्या जिवापेक्षा मोठं नाही.

प्रश्न: मी आयटीआयला फिटर करतोय. काकांच्या विलायती मशीनचे नट माझ्या एकाही पान्याला लागत नाहीत. चौदाचा सैल, तेराचा जातच नाही. (रत्नागिरी)

पाना मिलिमीटरचा, नट इंचाचा. नुसता इंचाचा नाही, व्हिटवर्थचा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं माप ठरवून दिलं, ५५ अंशांच्या कोनाचं. आपले मेट्रिक आटे ६० अंशांचे. तुझ्या काकांच्या वयाचे फिटर ‘दोन सुती’, ‘तीन सुती’ म्हणतात ते हेच, आठ सूत म्हणजे एक इंच. या पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या जाडीचं असतं, नटाच्या रुंदीचं नाही, हे ध्यानात ठेव. पाव इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट आणि पाव इंचाचा अमेरिकन बोल्ट, दोन्हींना इंचाला वीसच आटे, त्यामुळे एकात दुसरा जातो आणि वाटतं जमलं. कोन वेगळा असल्यानं तो नीट बसत नाही, ताणाला सैल होतो. पान्यांसाठी जुन्या लाँचच्या इंजिनांवर काम केलेल्या मेस्त्रींना गाठ. मिरकरवाड्यात, जयगडला, दाभोळला अशा पेट्या अजून घरोघर आहेत. ॲडजस्टेबल पाना लावून कोपरे झिजवू नकोस.

प्रश्न: रूळ चिकट झालेत आणि दोघांनाही एका बाजूनं चपटी पट्टी पडली आहे. कपडा मधेच अडकतो. (देवगड)

कोणीतरी दाब न सोडता मशीन ठेवून दिलं होतं. वरचा दाबाचा स्क्रू काम झालं की सैल करायचाच, नाहीतर रबर एकमेकांवर बसून चपटं होतं. रबर एकदा चिकट झालं, की पावडर लावा, पॉलिश करा, काही होत नाही.

पण रूळ टाकू नका. आतला लोखंडी दांडा हीच खरी वस्तू. छापखान्याच्या रोलरला नवं रबर चढवून देणारे लोक मुंबईत आणि कोल्हापुरात आहेत. दांडा त्यांच्याकडे द्या. सोबत रुळाची टोकाकडची जाडी मोजून द्या, कारण तिथं रबर कमी झिजलेलं असतं आणि मूळ माप तिथंच सापडतं. रबर मऊ मागा. छपाईचं कडक रबर लावलं तर बटणं फुटतात. दांड्याची दोन्ही टोकं ज्या लाकडी किंवा फायबरच्या खाचेत फिरतात, तिथं तेलाचा एक थेंब पुरे, जास्त झालं तर ते कपड्याला लागतं.

पिळताना बटणं आतल्या घडीत घ्या, कपडा रुळाच्या मधोमध सपाट सरकवा, आणि पदर, ओढणी, वेणी, बांगड्या सगळं आवरून मगच फिरवायच्या दांड्याला हात घाला. दांडा हातानं फिरवायचा असला, तरी शेजारी लहान मूल असेल तर त्याची बोटं आधी बघा.

प्रश्न: आमच्या मशीनवर हूवर नाही, ‘रोल्स’ असं नाव आहे. मोटारीवाल्या रोल्सचं का? (श्रीवर्धन)

नाही. हे रोल्स रेझर, मूळ दाढीचे वस्तरे करणारी कंपनी. जॉन ब्लूम नावाच्या तरुण विक्रेत्यानं ती हाताशी धरली आणि दोन टबांची मशीनं थेट घरोघर विकायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात जाहिरात, जाहिरातीत कूपन, कूपन भरून पाठवलं की विक्रेता दारात, आणि पैसे हप्त्यानं. मधला दुकानदार गळल्यामुळं किंमत बरीच खाली आली, बाकीच्यांनाही आपल्या किमती उतरवाव्या लागल्या. ज्या घरांना मशीन परवडलं नसतं, त्या घरांत ते गेलं, हे त्याचं श्रेय मी देते. १९६४ च्या जुलैमध्ये कंपनी बुडाली. भाग मिळणार नाहीत. तरी पट्टा, सील, बेअरिंग मापानं मिळतात, आणि या मशीनांत दुसरं मोडण्यासारखं फार नसतं.

प्रश्न: तुमचं कौतुक समजलं, पण माझ्या घरात दोन टबांचं साधं सेमी ऑटोमॅटिक आहे. तेही धुतं, तेही पिळतं. त्या जुन्या विलायती मशीनमध्ये असं काय होतं जे यात नाही? (चिपळूण)

तुमचं मशीन त्याच घराण्यातलं आहे, आणि ही हकिगत मला स्वतःला फार आवडते.

हूवरचं बाजूच्या चकतीचं मशीन फिरत फिरत जपानला पोचलं. तिथं सान्यो कंपनी धुलाई मशीन करायच्या तयारीत होती आणि देशोदेशीचे नमुने समोर मांडून बघत होती. मधल्या खांबाचं अमेरिकन पद्धतीचं मशीन मोठं आणि महाग पडत होतं. चकतीचं ब्रिटिश मशीन लहान, स्वस्त आणि झटपट. त्याच वळणावर त्यांनी १९५३ साली आपलं मशीन काढलं, किंमत २८,५०० येन, आणि जपानी घरांनी ते उचलून धरलं. पुढं त्यांच्याकडे चकती बाजूच्या भिंतीतून तळाला गेली. शेजारी पिळायचा गोल डबा आला. आपल्याकडे जी सेमी ऑटोमॅटिक घरोघर आली ती याच चकतीची. तुमच्या धुवायच्या टबात तळाला जे पंख्यासारखं फिरतं ना, त्याचं आजोळ मर्थर टिडफिलला आहे.

दोन टबांची कल्पना ब्रिटनमध्येही होतीच. हूवरचं हूवरमॅटिक १९५७ साली आलं आणि तिथल्या एका पिढीचं लहानपण त्या मशीनच्या आवाजात गेलं. आता फरक सांगते. हूवरमॅटिकचं पाणी टबातच तापायचं, आणि ते गरम साबणाचं पाणी एका घाण्यानंतर कोणी सोडून देत नसे. आधी पांढरे कपडे, मग फिके रंग, मग गडद, शेवटी कामाचे मळके कपडे, सगळे त्याच पाण्यात. पिळायच्या डब्यातून निघणारं साबणाचं पाणीसुद्धा परत धुवायच्या टबात सोडता येई. एक घाणा पिळला जातोय तोवर दुसरा धुतला जातोय. आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या आहेत. तिथं ही रीत आजही शंभर टक्के लागू पडते, आणि तुमच्या सेमीवर ती आजच करता येईल. पांढऱ्यांचं पाणी ओतून देऊ नका.

मग त्या जुन्यात वेगळं काय? ते उघडायला केलेलं होतं. मागचा पत्रा चार स्क्रूंवर, आत सगळं डोळ्यांसमोर. मोटर कुठली, पट्टा कुठला, पाणी कुठून जातं, हे दहावीतल्या मुलीला पाच मिनिटांत दाखवता येतं. माझ्या दुकानात हल्ली येणाऱ्या कित्येक टबांचा तळ वितळवून बंद केलेला असतो, बेअरिंग गेलं तर अख्खा टब बदला म्हणतात. वीस-पंचवीस मिलिमीटरच्या बेअरिंगसाठी टब बदलायचा, हे माझ्या हातांना पटत नाही.

प्रश्न: एका नातेवाइकांनी इंग्लंडहून फोटो पाठवला आहे. त्यांच्या ओळखीच्या हौशी गृहस्थांकडे एक मशीन आहे, त्यात बटण नाही, प्लॅस्टिकची चौकोनी पाटी खुपसायची. हे खेळणं आहे का? (सावंतवाडी)

खेळणं नव्हे, हूवरचं कीमॅटिक, साठच्या दशकातलं आणि त्या काळच्या मानानं फारच धीट. पाटीच्या चारही कडांना वेगवेगळ्या खाचा. सुती पांढरे धुवायचे तर एक कड, लोकरीचे तर दुसरी. पाटी उलटली की आणखी चार, असे आठ प्रकार. त्या खाचा आतल्या स्विचांना पाण्याची पातळी, तापमान, वेळ सगळं सांगायच्या. आत ड्रम तिरपा आणि मागं आपली ओळखीची चकती. पाटी हरवली की मशीन मुकं, म्हणून हौशी लोक आज सुटी पाटी दिसली तरी उचलतात. तुमच्या नातेवाइकांना सांगा, त्या गृहस्थांना चालवून दाखवायला लावा. त्यांना आनंदच होईल.

प्रश्न: आमचा तारकर्लीला होमस्टे आहे. आजीचं विलायती मशीन पडवीत ठेवून, त्याला निळा रंग देऊन, टबात शोभेची झाडं लावायचा विचार आहे. गंज काढायला काय वापरू? (तारकर्ली)

गंज काढायला काय वापरायचं ते सांगते, पण झाडं लावू नका, ही माझी हात जोडून विनंती.

टबात माती भरली की ओल कायमची आत बसते. तुमच्या पडवीवर समुद्राचा वारा थेट येतो, त्यात मीठ असतं. जिथं जिथं मुलाम्याचा, म्हणजे पत्र्यावरच्या एनॅमलचा, टवका उडालाय तिथून गंज आत शिरेल आणि मुलाम्याच्या खालून पसरेल. वरून दिसेल शाबूत. दोन पावसाळ्यांनी तळ हातात येईल. मोटर तर त्याआधीच जाईल. आणि निळा रंग दिलात की खालचं मूळ काम कोणालाच दिसणार नाही. तो मुलामा भट्टीत भाजून चढवलेला असतो, तसा पुन्हा आपल्याकडून चढणार नाही.

आजीचं मशीन म्हणालात. आजीनं त्यात कपडे धुतले असतील ना? मग ते धुण्यासाठीच ठेवा. तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना, त्यांच्या मुलांना, टॉवेलांचा एक घाणा त्यावर काढून दाखवा. रूळ फिरवायला मुलं रांग लावतील. आमच्या दुकानातल्या मशीनचं सांगते. ते राजिवड्यातल्या एका घरातून मोटर बघायला म्हणून आलं आणि त्यांनी ते मलाच ठेवून घ्यायला सांगितलं. चालू झाल्यावर त्या घरातल्या मोठ्या बाईंना मी बोलावलं. पायऱ्या चढताना त्यांना मुलाचा आधार लागत होता. मशीनपाशी आल्या, डोक्यावरचा पदर मागे खोचला, टबातला उशीचा अभ्रा उचलला, शिवणीची बाजू पुढं धरून रुळात सरकवला आणि डाव्या हातानं दांडा फिरवला. मी शिवणीची बाजू पुढं धरतच नव्हते, मला ती रीत ठाऊक नव्हती. अभ्रा सुरकुती न पडता बाहेर आला. मला कोणत्याही माहितीपत्रकात हे सापडलेलं नाही. मशीन बंद पडून कुंडी झालं असतं तर ही रीत त्यांच्या हातातच राहिली असती.

आता गंज. तारेची घासणी आणि सॅन्डपेपर मुलाम्याला लावू नका, त्याची तकाकी जाते आणि डाग धरायला लागतो. पिवळे लोखंडी डाग लिंबाच्या रसानं किंवा आमसुलाच्या पाण्यानं निघतात. लावा, दहा मिनिटांत धुवा, जास्त वेळ ठेवू नका. टवका उडाला असेल तिथला सुटा गंज चाकूच्या टोकानं खरवडून, जागा कोरडी ठणठणीत करून, दोन भागांचं इपॉक्सी भरा. बाहेरून मोटारीचं वॅक्स लावत जा, गणपतीपूर्वी एकदा आणि शिमग्याच्या सुमारास एकदा. खाली लाकडी चौरंग करून घ्या आणि त्याला काजूच्या टरफलांचं तेल द्या, होड्यांना देतात तेच. फक्त ते तेल हाताला लागू देऊ नका, कातडी सोलते. पडवीच्या वाऱ्याच्या बाजूला ठेवू नका, माजघराच्या दाराशी ठेवा.

प्रश्न: बायकांचं काम हलकं करणारी ही यंत्रं. त्यांच्या आठवणीनं गहिवरणारे हौशी मात्र बरेचसे पुरुष दिसतात. हे कसं काय? (अलिबाग)

मलाही हा प्रश्न पडायचा. ब्रिटनमध्ये गॅरेजात, शेडमध्ये अशी मशीनं रांगेनं लावून ती चालवणारे लोक आहेत, आणि त्यांत पुरुष पुष्कळ आहेत हे खरं. ते सांगतात त्याचा मथितार्थ बहुतेक एकच असतो: लहानपणी धुण्याच्या दिवशी ते आईजवळ स्वयंपाकघरात होते. तिथं धुण्याचा वार पिढ्यानपिढ्या सोमवार. मशीन यायच्या आधी तो दिवस म्हणजे तांब्याच्या हंड्यात कपडे उकळायचे, लाकडी दांड्यानं बडवायचे, जड लोखंडी चरकात पिळायचे. सकाळी सुरू, संध्याकाळी हात सुजलेले. मशीन आलं आणि तो दिवस दुपारीच संपायला लागला. मुलांना त्या दुपारी आई मोकळी मिळाली. गरम साबणाचा, तापलेल्या रबराचा वास आणि मोटरची घरघर त्या आठवणीला चिकटून आहे. त्यात मला काही खोटं वाटत नाही.

आपल्याकडे विहिरीवरच्या डोणीशी, वहाळावरच्या धोंडीवर धुण्यात किती बायकांच्या कमरा गेल्या. माझी आत्या पावसाळ्यात रोज ओल्या धुण्यात असायची, तिच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरायच्या, रात्री ती त्यात कोकम तेल भरायची. तिच्याकडे मशीन कधी आलं नाही. ज्या थोड्या घरांत बोटीवरच्या माणसानं इतकं जड धूड समुद्रावरून आणलं, ते त्यानं घरातल्या बाईचे हात आठवून आणलं असणार, असं मी धरून चालते. तेव्हा पुरुष गहिवरले तर गहिवरू द्या. फक्त त्यांनी धुणंही धुवावं. मशीन जपायचं तर ते वापरावंच लागतं, नुसतं पुसून भागत नाही: सील कोरडं पडून चिरतं, बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, पट्टा एकाच जागी वाकून राहतो.

प्रश्न: आमचं मशीन मेस्त्रींनी चालू करून दिलं, वायर, अर्थिंग सगळं नवं. आता रोजच्या धुण्याला वापरू का? पावडर कुठली, किती? (वेंगुर्ला)

रोज नको, आठवड्यातून एकदा जरूर. जड गोधडी, चादरीचा मोठा बोळा, जीन्स यांवर घालू नका. चकतीचं पाणी त्यांना फिरवू शकत नाही आणि पट्टा घसरतो. अभ्रे, टॉवेल, परकर, लुंग्या, मुलांचे कपडे छान निघतात. कपडे मोकळे सोडा, गच्च भरू नका.

आधी पाणी, मग साबण, मग मशीन चालू, मग एकेक कपडा. सुरुवातीच्या नमुन्यात पाणी तापवायची सोय नव्हती, तेव्हा बंबातलं पाणी आणून ओता, हाताला सोसेल इतपतच गरम, नव्या सीललाही ते मानवतं. टबातल्या रेषेच्या वर भरू नका. चार मिनिटं झाली की बंद करा. या चकतीत कपडे पिळवटून गुंततात, जास्त फिरवलं तर बाह्या ताणतात.

पावडर निम्म्याहून कमी घाला. ही मशीनं आली तेव्हा तिकडे साबणाचा चुरा वापरायचे, आजच्या पावडरीला फेस फार येतो. त्यात आपल्या चिऱ्याच्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊ, साबण लगेच फुलतो. फेस झाकणापर्यंत आला तर तो चकतीच्या दांड्याशी जाऊन सील खराब करतो. तुमची विहीर खाडीजवळ असेल आणि उन्हाळ्यात पाणी मचूळ होत असेल, तर त्या महिन्यांत शेवटचं पाणी गोड्या विहिरीचं किंवा नळाचं घ्या, नाहीतर टबात मीठ सुकून राहतं.

काम झालं की नळी खाली सोडून पाणी पूर्ण काढा, टब कोरड्या फडक्यानं पुसा, रुळांचा दाब सोडा, पिन काढा, आणि झाकण दिवसभर उघडं ठेवा. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की पाली आत जातात, तेव्हा वर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा बांधा. आणि पट्टीचा फोटो काढून माझ्याकडे पाठवा. नमुना कुठला ते कळलं की सीलचं माप मी कळवते. रत्नागिरीत मिळतं ते.